टोपली ठेवून गेलेल्या बायका

"आली बघ," मालनकाकू म्हणाली. "लातूरची दिसतीय."

संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशात लातूरजवळ एक हिरवा ठिपका उमटला होता. आमच्या ऑनलाइन दुकानात कुणी आलं की तो उमटायचा. काकूनं स्टूल पुढं ओढलं, पदर सारखा केला आणि पडद्याला म्हणाली, "या हो, बसा. काय दाखवू?"

"काकू, त्यांना ऐकू येत नाही."

"न येऊ दे. आपल्या तोंडाची सवय मोडू नये."

ठिपक्याची बाई आधी पिंजर बघायला गेली. पिंजर म्हणजे आपलं कोरडं कुंकू. तिथं ती बराच वेळ रेंगाळली, मग हिरवा चुडा बघितला, परत पिंजरीवर आली. काकू माझा दंड घट्ट धरून बसली होती. बाईनं पिंजरीची डबी टोपलीत घातली, चुडाही घातला आणि टोपलीच्या पानावर गेली. तिथं घेतलेल्या वस्तूंची यादी दिसायची आणि एखादी नको असेल तर बाजूला करायची सोय होती. खाली पैसे भरायचं बटण.

हिरवा ठिपका विझला.

"गेली?" काकूनं विचारलं.

"गेली."

"आणि टोपली?"

"तिथंच ठेवून गेली."

काकू उठली आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागली.

बार्शीच्या बाजारपेठेत आमचं 'सौभाग्य भांडार' होतं. बांगड्या, कुंकू, काळे मणी, करंडे, सगळं बायकांचं सामान. नावाला दुकान काकांचं आणि माझ्या वडिलांचं, पण चालवायची काकू. काका गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे. काकूच्या जिभेवर गिऱ्हाईक यायचं आणि तिच्या जिभेवरच गुंतायचं. नुसती भाव विचारायला आलेली बाई कोपरापर्यंत बांगड्या भरून जायची आणि वर काकूलाच दुवा द्यायची. एखादी घासाघीस करायला लागली, तर काकू म्हणायची, "घ्या फुकट. पण मग घरी जाऊन सांगा की मालननं भीक घातली." बाई हसत पैसे काढायची.

आणि तिची एक रीत होती. खरेदी झाली की उघड्या पिंजरीत बोट बुडवून ती बाईच्या कपाळाला लावायची. "बोट लावल्याशिवाय सामान देत न्हाई आम्ही," असं म्हणायची. त्या बोटासाठी बायका दुसऱ्या दुकानावरून पुढं येऊन आमच्याकडं शिरायच्या, हे मी लहानपणापासून बघत आले.

मग काका गेले.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्या गावची माणसं तशी गोड. पण पैसे काउंटरवर ठेवले जाऊ लागले आणि पुडीही काउंटरवरूनच उचलली जाऊ लागली. बोट लावायची वेळ आली की कुणाला बस गाठायची असायची, तर कुणाच्या गॅसवर दूध असायचं. काकूला कळायला वेळ लागला नाही. चार-सहा दिवसांतच ती पुडी हातात द्यायच्याऐवजी स्वतःच काउंटरवर ठेवायला लागली. समोरच्या बाईला अवघड वाटू नये म्हणून. ती ज्या सहजपणानं पुडी ठेवायची ते बघून मला आत जाऊन रडावंसं वाटायचं.

गिऱ्हाईक आटलं. माझे वडील म्हणजे आप्पा. ते वाईट नव्हते, फक्त व्यवहारी होते. त्यांनी एक दिवस चहा पिताना विषय काढला. "वहिनी, एक मोबाइलच्या कव्हरवाला जागा भाड्यानं मागतोय. संक्रांत झाली की देऊन टाकू. तुम्हालाही आराम."

"आराम मेल्यावर," काकू म्हणाली. ती कपबश्या उचलून आत गेली.

मी तेव्हा सोलापूरला कॉम्प्युटरचं शिकून घरी बसले होते. नोकरी मिळत नव्हती. ऑनलाइन दुकान काढायची कल्पना माझी. पुण्यातल्या एका मित्रानं त्याच्याकडचा तयार सांगाडा दिला, त्यातल्या इंग्रजी शब्दांचं मराठी यंत्राकडून एका झटक्यात करून घेतलं, आणि आमचं दुकान जगासाठी उघडलं. काकूला मी समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली.

"त्या बायकांना मी दिसणार न्हाई?"

"नाही."

"ब्येस झालं. यंत्राला कपाळ दिसत न्हाई."

फोटो काढताना तिनं पिंजर स्वतः चाळली, डब्या स्वतः भरल्या, पण डबी धरायची वेळ आली तेव्हा हात मागं घेतला. "माझा नको. तुझा लाव. बांगड्या घाल थोड्या." म्हणून पानापानावर माझा हात होता. ज्या हातानं आयुष्यात कधी पिंजर चाळली नव्हती, तो.

बायका आल्या, पुष्कळ आल्या. बघायच्या, निवडायच्या, टोपली भरायच्या आणि टोपलीच्या पानावरून नाहीशा व्हायच्या. पुण्याचा मित्र म्हणाला, पोस्टाचा खर्च माफ कर. केला. म्हणाला, घरी सामान पोचल्यावर पैसे घे. तेही केलं. सवलत दिली, फोटो बदलले, बटणाचा रंग बदलला. एखाददुसरी ऑर्डर यायची, तीही करंडा नाहीतर आरसा असली. कुंकू आणि चुडा घेतलेली प्रत्येक बाई उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरायची. संक्रांत जवळ येत होती. कव्हरवाला एकदा टेप घेऊन जागा मोजूनही गेला.

एका दुपारी काकू हळू आवाजात म्हणाली, "चैतू, कळत असेल का गं त्यांना?"

"काय?"

"कुणाच्या हातचं हाय ते."

"काकू, वेड्यासारखं काय बोलतेस? लातूरच्या बाईला कसं कळेल?"

"तसं न्हाई. पण एखाद्या वस्तूला लागत असेल की माणसाचं." ती स्वतःच्या बोटांकडं बघत होती. चाळून चाळून लाल झालेली बोटं. आख्ख्या बाजारपेठेला बोलण्यात हरवणारी बाई स्वतःच्या हाताला भ्यायला लागली होती. आप्पांचा नाही, कव्हरवाल्याचा नाही, मला त्या क्षणी कुणाचा राग आला ते सांगता येत नाही, पण आला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती जुनी काकू होऊन दुकानात आली.

"हे ठिपके बघत बसून काय कळणार न्हाई," तिनं जाहीर केलं. "गिऱ्हाईक का फिरलं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतंय. आपल्याला तोंड बघाय पायजे. चल."

"कुठं?"

"समोर. पानगावकरांकडं."

पानगावकरवहिनी आमच्या दुकानासमोरच्या माडीवर राहायच्या. काकूपेक्षा वयानं मोठ्या, गल्लीतल्या सगळ्या कार्यांत पुढं. काका गेल्यापासून त्या दुकानात आल्या नव्हत्या. त्यांच्या घरी नुकतीच सून आली होती, प्रणाली. संगमनेरकडची पोर. मोबाइल हातातून सुटत नाही अशी तिच्याबद्दल सासूची तक्रार होती, आणि काकूला नेमकी तीच पाहिजे होती.

वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून थोड्या गडबडल्या, पण "ये मालन, बस" म्हणाल्या.

"तुमची सून अर्धा तास उसनी पायजे," काकू म्हणाली. "प्रणाली, हे आमचं दुकान उघड मोबाइलवर. तुला काय आवडतंय ते घे. पैसे मी भरणार. मी फक्त बघत बसते."

"फुकट?" प्रणालीचे डोळे चमकले.

"फुकट. पण मनापासून घे. फुकटचं म्हणून दोन करंडे जास्त घेतलेस तर सासूला सांगीन."

प्रणाली खुशीत बसली. मी तिच्या मागं उभी राहून पडदा बघत होते. काकूनं पडद्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती समोर मोड्यावर बसली आणि प्रणालीच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. बांगड्या भरताना ती हाताकडं न बघता बाईच्या चेहऱ्याकडं बघायची, तशीच. दुखायला लागलं तर चेहरा आधी सांगतो, म्हणायची.

पोरगी रंगात आली होती. "अय्या, हा चुडा किती छान आहे! आई, बघा." पिंजर टोपलीत गेली. चुडा गेला. काळे मणी गेले. तिनं टोपली उघडली.

आणि तिचा चेहरा पडला. मोबाइल तिनं पटकन मांडीवर पालथा घातला.

"काय झालं?" काकूनं विचारलं.

"रेंज गेली, काकू."

रेंज होती. मला मागून दिसत होती.

"बघू काय झालं," म्हणत वहिनींनी मोबाइल उचलला, चष्मा लावला. त्यांनी वाचलं मात्र, मोबाइल तसाच खाली ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. "चहा टाकते मी," म्हणाल्या. मटार सगळे खाली सांडले, ते गोळा करायलाही त्या थांबल्या नाहीत.

प्रणाली माझ्याकडं बघेना. मला अजूनही काही कळलं नव्हतं. ते पान मी हजारदा बघितलं होतं. फोटो, नाव, किंमत, बटण. त्यात बिघडलेलं असं काहीच मला कधी दिसलं नव्हतं.

काकूनं हात पुढं करून मोबाइल घेतला. लांब धरला, जवळ धरला. आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचलं.

"कुंकू." तिनं श्वास घेतला. "पुसून टाका."

मग खालची ओळ. "हिरवा चुडा. पुसून टाका." आणि त्याखालची. "काळे मणी. पुसून टाका."

वस्तू नको असेल तर यादीतून बाजूला करायचं ते बटण. प्रत्येक नावापुढं, लाल अक्षरात. यंत्रानं इंग्रजी शब्दाचं मराठी केलं होतं, आणि व्याकरणानं त्यात एकही चूक नव्हती.

हळदीकुंकवाच्या तोंडावर, हौसेनं कुंकू घ्यायला आलेल्या बायकांना आम्ही गावोगाव हे सांगत होतो. आणि हे ज्या बाईसमोर कुणालाच तोंडानं उच्चारता येत नव्हतं, तिनंच ते मोठ्यानं वाचलं होतं.

काकूचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता ही रडणार. मी पुढं झाले तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती.

"चैतू," ती म्हणाली, "म्हणजे माझा हात नव्हता गं तो! शब्द होता!"

स्वयंपाकघराच्या दारात पानगावकरवहिनी उभ्या होत्या. चहा टाकलाच नव्हता त्यांनी.

काकूनं त्यांच्याकडं बघितलं. "वहिनी, हे गेले त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता न्हवं? 'पुसून टाका आता.'"

वहिनींनी चौकट धरली. "वडीलधारी होते मी, मालन. कुणीतरी म्हणायला लागतं."

"व्हय की. तुम्हाला दोष न्हाई. रीतच हाय." काकूच्या आवाजात खरंच राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पण ह्या बायका का पळाल्या ते मला बरोबर कळलं बघा. मलासुद्धा त्या दिवशी सगळं तिथंच टाकून पळावंसं वाटलं होतं. मला फक्त जायला जागा नव्हती."

काकू खाली वाकून सांडलेले मटार गोळा करायला लागली. थोड्या वेळानं प्रणालीही तिच्याशेजारी येऊन बसली आणि मटार वेचू लागली.

दुकानात परत आल्यावर आम्ही शब्दाला बसलो. मी म्हटलं, आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, मग 'वाढवा' लिहू. काकूनं कपाळावर हात मारला. "अगं, जास्तीची डबी घ्यायच्या बटणावर पण 'वाढवा'च हाय न्हवं? एक बाई डबी काढाय जाईल आणि डझनभर घरी येतील. तसं गिऱ्हाईक नको मला."

मग ती डोळे मिटून बसली. इतक्या वर्षांत काउंटरपलीकडं आलेल्या बायका एकेक करून आठवत असावी.

"बाई वस्तू हातातनं खाली ठेवताना काय म्हणती?" तिनं मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "'राहू दे आत्ता.' कुठलीबी बाई 'नको' म्हणत न्हाई. 'राहू दे आत्ता' म्हणती. म्हणजे पुढच्या खेपेला घेणार हाय. तेच लिही."

मी लिहिलं. कुंकू. राहू दे आत्ता.

मग ती सुटलीच. सगळी पानं तिनं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. एका डबीवर 'संपले' होतं, तिथं 'भरून येतंय' लिहायला लावलं. "कुंकू संपलं म्हणून कुठला दुकानदार ओरडतो गं?" पैसे भरल्यावर 'व्यवहार यशस्वी' असं यायचं, तिथं 'परत या, जोडीनं या' आलं. शेवटी फोटोंपाशी आली आणि थांबली.

"हा तुझा हात काढ. माझा लाव."

"बांगड्यांशिवाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बांगड्यांशिवाय. पिंजर चाळणारा हात हाय हा. ज्याला चालंल तो घेईल. आणि खाली लिही, हे कुंकू मालननं स्वतः चाळलंय. आता लपायचं न्हाई मला."

लातूरची बाई परत आली, तिची टोपली तिथंच होती. या खेपेला ती टोपली घेऊन गेली. काकूनं पडद्याला हात जोडले. मग नांदेड आलं, चिपळूण आलं, कुठलं ते कॅनडा आलं. काकूला पुड्या बांधायला जागा पुरेना. आप्पा एका संध्याकाळी दुकानात आले, खोक्यांच्या मधून वाट काढत गल्ल्यापर्यंत पोचले आणि एकेका खोक्यावरचा पत्ता वाचायला लागले. कव्हरवाला नेमका तेव्हाच दारात आला.

"काय ठरलं मग जागेचं?" त्यानं विचारलं.

आप्पांनी एकदा काकूकडं बघितलं. "राहू दे आत्ता," म्हणाले.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. काकूचं कुंकू कुठं कुठं जातं ते सांगत बसले तर बढाई वाटेल. पण मी जेव्हा जेव्हा लोकांना दुकान चालवायचं शिकवते (आता तेच माझं काम आहे), तेव्हा मला ते आकडे आठवत नाहीत. मला त्या संक्रांतीची दुपार आठवते.

पडद्यावर ठिपका उमटला आणि काकू चमकली. "बार्शी? हितली कोण गं?"

ऑर्डर लहान करंड्यांची होती, वाण लुटायला घेतात तशी, आणि एक डबी पिंजर. पत्ता समोरच्या माडीचा. खाली सूचनेच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मालनकाकूंनी स्वतः आणून द्यावं.'

"तू जा," काकू मला म्हणाली. "आज हळदीकुंकू हाय त्यांच्याकडं."

"गिऱ्हाइकानं काय लिहिलंय ते वाच," मी म्हटलं.

ती निघाली. मी खोकं धरून मागं. माडीवर बायकाच बायका होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, गजरे. काकू दारात दिसली तशी बोलणी थांबली. तिनं उंबरा ओलांडला नाही. दाराशेजारी एक स्टूल होतं, त्यावर ती डबी ठेवायला वाकली. काउंटरवर ठेवायची तशी, सहज.

"तिथं नको, काकू," प्रणाली पुढं आली. "हातात द्या."

काकूनं दिली. प्रणालीनं डबी उघडली, तिच्यासमोर धरली आणि कपाळ पुढं केलं.

"बोट लावा ना. आई सांगत होत्या, बोट लावल्याशिवाय तुम्ही सामान देत नाही म्हणून."

काकूला शब्द सुचला नाही. तिला शब्द सुचला नाही असं मी आयुष्यात तेवढंच एकदा बघितलं. तिचा हात वर गेला, थांबला. मग लाल बोट पिंजरीत बुडलं आणि त्या पोरीच्या कपाळावर टेकलं.

मागून पानगावकरवहिनी आल्या. सुनेला बाजूला सारून त्या काकूसमोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचा, हुकमी.

"मलाही लाव. आणि जरा ठळक लाव मालन, तू बोटाला नेहमी काटकसर करायचीस."

काकूनं नाक ओढलं. पदरानं डोळे पुसले. आणि माझी काकू परत आली.

"फुकटचं बोट एवढंच असतंय, वहिनी," ती म्हणाली. "ठळक पायजे असंल तर टोपलीत घाला."